मेट्रो खालून जाणार म्हणे!

भिवंडीच्या माणसाला स्टेशन म्हटले की दुसऱ्याच गावाचे नाव आठवते. एक तर ठाणे, नाहीतर कल्याण. आमच्या घरी कोणी पाहुणा येणार असला की आई पहिला प्रश्न विचारते, "कुठल्या स्टेशनाला उतरणार?" म्हणजे त्याला आणायला कोणत्या बाजूला माणूस पाठवायचा ते ठरते. मुंबईच्या इतक्या जवळ असून आमच्या गावाला हे कसे झाले, याचे मला लहानपणी नवल वाटे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्यासाठी खाडीवर पूल बांधला, मुंब्र्याच्या डोंगरात बोगदे पाडले; पण खाडीच्या अलीकडच्या अंगाला असलेल्या भिवंडीला मात्र बगल दिली. पुढे कितीतरी वर्षांनी दिवा-वसई मार्ग झाला आणि अंजूरफाट्याजवळ एक स्टेशन आले. त्याचे नाव 'भिवंडी रोड'. रेल्वेच्या भाषेत गावाच्या नावापुढे 'रोड' लागले की समजावे, गाव अजून लांब आहे! तिथून माणसांच्या गाड्या दिवसाला मोजक्या, मालगाड्याच जास्त. २०२० साली, टाळेबंदीच्या वर्षात, याच स्टेशनातून पार्सल गाड्या सुटू लागल्या. इथल्या गोदामांतला माल पार आसाम-बंगालपर्यंत रेल्वेने जाऊ लागला. तेव्हा बाबा म्हणाले होते, "बघ पोरी, आपल्याआधी खोक्यांना गाडी मिळाली."

माझे बाबा बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून इथे आले ते थेट मागावर लागले. बारा तास दिवसपाळी, बारा तास रातपाळी. चौतीस वर्षे त्यांनी वीजमाग चालवले. त्या खडखडाटाने त्यांचा उजवा कान गेला. त्यांच्याशी बोलायचे तर डाव्या बाजूला बसावे लागते. माग सुटल्यावर त्यांना रिकामे बसवेना. पेन्शन नाही, फंड नाही, हातात वेळ मात्र भरपूर. अशा वेळी मेट्रोचे काम सुरू झाले आणि बाबांना जणू नवी पाळीच मिळाली. रोज सकाळी चहा घेऊन निघायचे आणि जिथे काम चालू असेल तिथे जाऊन उभे राहायचे. आई चिडायची, "तुम्हाला काय मुकादम नेमलंय का?"

हे काम म्हणजे ठाणे-भिवंडी-कल्याण ही मेट्रो ५. १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणला पंतप्रधानांच्या हस्ते तिचे भूमिपूजन झाले. लांबी जवळजवळ पंचवीस किलोमीटर, १७ स्टेशने आणि खर्च सुमारे ८,४१६ कोटी रुपये, असे तेव्हा जाहीर झाले होते. हा आकडा बाबांनी मला दोनदा वाचायला लावला. पहिल्या टप्प्यात ठाण्याच्या कापूरबावडीपासून बाळकूम, कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा करीत धामणकर नाक्यापर्यंतचे सुमारे बारा किलोमीटर घेतले. तिकडे कापूरबावडीला ती वडाळ्याहून येणाऱ्या मेट्रो ४ ला मिळायची. म्हणजे धामणकर नाक्याला बसलेला माणूस एकदा गाडी बदलून थेट वडाळ्याला उतरणार. कागदावर तरी असे होते.

माझे सासर धामणकर नाक्याजवळ आणि माहेर कल्याण रोडच्या एका गल्लीत. मी कामाला जाते काल्हेरला, एका गोदामात. ऑनलाइन मागवलेला माल खोक्यांत भरायचा, चिठ्ठी लावायची, मशीनने स्कॅन करायचा. त्यामुळे या मेट्रोचे पिलर मी गेली काही वर्षे शेअर रिक्षातून रोज येता-जाता पाहिले आहेत. पाहिले म्हणजे काय, पाहण्याशिवाय दुसरा इलाज नव्हता! अर्धा रस्ता पत्र्यांनी अडवलेला, उरलेल्या अर्ध्यात कंटेनर, टेम्पो, बस, आणि खड्डे तर विचारू नका. पावसाळ्यात अंजूरफाट्याहून काल्हेरला पोचायला कधी पंधरा मिनिटे, कधी दीड तास. उशीर झाला की अर्धा दिवस कापला जायचा. आमच्या रिक्षात चार बायका ठरलेल्या. रिक्षा अडकली की आम्ही उतरून चालू लागायचो, चिखलात साड्या वर धरून, आणि पुढे ती मोकळी झाली की पुन्हा चढायचो. रिक्षावाला पैसे मात्र पूर्ण घ्यायचा.

पण बाबांनी मला ते काम पाहायला शिकवले. एरवी मला ते नुसते ढिगारे वाटत. मशीन जमिनीत भोक पाडते तेव्हा वर काय येते ते पाहा, असे ते म्हणायचे. कशेळीच्या बाजूला आधी काळा चिखल येतो, खाडीचा. मग पिवळसर मुरूम. आणि मग एक दिवस मशीनचा आवाज बदलतो आणि काळ्या पाषाणाचा भुगा वर येऊ लागतो. तो आला की कामावरची पोरे खूश. त्या पाषाणात पाय रोवून सळ्यांचा पिंजरा सोडतात, काँक्रीट ओततात. अशा चार-सहा खांबांच्या डोक्यावर एक जाड टोपी, तिच्यावर आपल्याला दिसतो तो पिलर. म्हणजे जेवढे वर दिसते त्याहून जास्त कधी कधी जमिनीत असते. हे सगळे बाबांना झारखंडच्या एका पोराने समजावून सांगितले होते. तो सळ्या बांधायचा. बाबा त्याला चहा पाजायचे आणि तो त्यांना डाव्या कानात ओरडून माहिती द्यायचा.

पिलरवर टाकायच्या तुळया दुसरीकडे ओतून तयार करतात आणि रात्री रहदारी कमी झाल्यावर ट्रेलरवरून आणतात. एकदा रात्रपाळी करून येताना मी ती तुळई वर चढताना पाहिली. दिव्यांच्या उजेडात एवढे मोठे धूड हळूहळू वर जात होते आणि खाली एक माणूस शिट्टी वाजवीत होता. आमच्या रिक्षातले कोणी बोलले नाही. कशेळीच्या खाडीवर तर सुमारे साडेपाचशे मीटरचा पूल बांधायचा होता. भरती-ओहोटी सांभाळून पाण्यात पिलर उभे करायचे. बाबांचा जीव त्या पुलात अडकलेला. "पूल झाला की मेट्रो आलीच," असे ते २०२१ पासून सांगत होते. तारखा पुढे पुढे जात राहिल्या. २०२५ च्या दिवाळीलाही आम्ही ठाण्याला रस्त्यानेच गेलो.

त्याच वर्षी ५ ऑगस्टला जे घडले ते भिवंडीत कोणी विसरणार नाही. चालू कामावरून एक लोखंडी सळई निसटली आणि खालून रिक्षाने जाणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यात घुसली. ठेकेदाराला ५० लाख आणि सल्लागाराला २० लाख रुपये दंड झाल्याचे जाहीर झाले. माझ्या मुलाने त्याचा फोटो मोबाइलवर दाखवला तेव्हा मी मोबाइल बाजूला सारला. त्याच रस्त्याने, तशाच रिक्षाने, मी रोज जाते. नंतर महिनाभर आमच्या रिक्षातल्या बायका पिलरखालून जाताना नकळत डोक्यावर पदर घ्यायच्या. पदराने सळई थोडीच अडते!

पण मला खरे सांगायचे आहे ते धामणकर नाक्याच्या पुढचे.

धामणकर नाक्यापासून कल्याणकडे जाणारा रस्ता म्हणजे आमचा कल्याण रोड. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना कसे सांगू? दोन्ही बाजूंना दुकानाला दुकान चिकटलेले, वर राहती घरे, मागे गल्ल्या, गल्ल्यांत माग. कापडाची दुकाने, हॉटेले, वर्कशॉप, दवाखाने. मधल्या पट्टीत टेम्पो आणि माणसे एकमेकांना घासून जातात. आता या रस्त्याच्या मधोमध पिलर उभे करायचे म्हणजे रस्ता रुंद करायला हवा. आणि रस्ता रुंद करायचा म्हणजे दोन्हीकडची दुकाने आणि घरे मागे सरायला हवीत. मागे सरायला जागा आहे कुठे? तर मोडायलाच हवीत.

या रस्त्यावर माझ्या दादाचे दुकान आहे. आठ बाय दहाचे. शाळेचे गणवेश शिवायचे आणि बाकीच्या महिन्यांत पँटी लहान-मोठ्या करायच्या. जागा भाड्याची. मूळ मालक वारल्यापासून पावती मिळणे बंद झाले. दर महिन्याला दादा मालकाच्या मुलाच्या हातात पैसे ठेवतो आणि तो "ठीक आहे" म्हणतो. तेवढीच पावती! लाइटचे बिलसुद्धा मालकाच्या नावाने येते.

एक दिवस मोजमाप करणारी माणसे आली. टेप लावली, भिंतीवर लाल रंगाने खूण केली. ती खूण दादाच्या शिलाई मशीनच्या मागे होती. म्हणजे मशीन रस्त्यात आणि दादाची पाठ भिंतीला! त्यांच्यातल्या एकाने विचारले, "मालक कोण?" दादाने नाव सांगितले. "कागद?" दादाने बिल दाखवले. "हे तर तुमच्या नावाचं नाही." दादा म्हणाला, "साहेब, पण बावीस वर्षं मी इथं बसतोय." त्याने वहीत 'मालक गैरहजर' असे लिहिले आणि पुढच्या दुकानात गेला. दादाचे नाव त्या वहीत कुठेच आले नाही. त्या रात्री वहिनी जेवली नाही. दादा मशीनवर बसून राहिला, पण मशीन चालू नव्हते.

मुंबईत रेल्वे आणि रस्त्यांच्या मोठ्या कामांसाठी वस्त्या हलवल्या तेव्हा नियम केलेला होता. ज्याचे झोपडे जाईल त्याला २२५ चौरस फुटांची खोली. पण खोली मिळायची ती सर्वेक्षणाच्या यादीत नाव असलेल्याला. हे आम्हाला आमच्या एका नातेवाइकामुळे ठाऊक होते. त्याची खोली लांब गेली, कामाची जागा तुटली, पण यादीत नाव होते म्हणून डोक्यावर छप्पर तरी आले. यादीत ज्याचे नाव नाही त्याचे काय? माग चालवणारी पोरे तर पाळीपाळीने एकाच खोलीत झोपतात. त्यांच्याकडे भाड्याची चिठ्ठीसुद्धा नसते. दादाकडे निदान कैची-टेप आहे, कुठेही जाऊन बसेल. ती पोरे कुणाच्या वहीत येणार?

कल्याण रोडवरची माणसे एकत्र आली. व्यापारी आले, रहिवासी आले. मराठी, मुसलमान, तेलुगू, सगळे. इतकी वर्षे आमच्या गल्लीत मी असे पाहिले नव्हते. समोरच्या इमारतीतल्या खाला, ज्या कधी उंबरा ओलांडत नाहीत, त्या आईला म्हणाल्या, "बहन, घर गया तो परदा किसके लिए?" आणि आमच्याबरोबर निघाल्या. निवेदने झाली, विरोध झाला, वर्षे गेली. आणि मग बातमी आली की धामणकर नाका ते टेमघर हा सुमारे तीन किलोमीटरचा तुकडा वरून न नेता जमिनीखालून न्यायचा विचार पक्का झाला आहे. भुयारी मेट्रो! मध्ये गावाचे मुख्य स्टेशनही जमिनीखाली.

गल्लीत पेढे वाटले. दादाने मला फोन केला, "ताई, मेट्रो खालून जाणार म्हणे! दुकान वाचलं." इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

बाबांनी मात्र पेढा हातात धरून ठेवला. म्हणाले, "गाडी खालून जाईल रे. पण माणूस खाली कुठनं उतरणार?"

या एका प्रश्नाने पुढे आमच्या घरात बरेच दिवस काढले. वाचकहो, मलाही वाटत होते की भुयारी म्हणजे उंदरासारखे खालच्या खाली गेले, वरच्याला पत्ता नाही. तसे अर्धेच खरे आहे. बोगदा खणायला जे यंत्र असते ते खालच्या खाली पुढे सरकते. पुढच्या तोंडाने खडक किसते, चुरा मागे पाठवते आणि पाठीमागे काँक्रीटचे गोल कडे बसवीत जाते. बाबांना हे सांगितल्यावर त्यांना लगेच समजले. "मागासारखंच की! पुढं ताणा, मागं कापड." मुंबईच्या मेट्रो ३ ला अशी १७ यंत्रे लागली. त्यांनी साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग शहराच्या पोटातून, मिठी नदीच्याही खालून काढला आणि वर लोक आपापल्या कामाला जात राहिले.

पण स्टेशन असे खणता येत नाही. स्टेशनाला वरून खड्डा घ्यावा लागतो. भलामोठा, इमारतीएवढा. त्याच्या भिंती बांधायच्या, मजले टाकायचे, मग वर छत घालून रस्ता पुन्हा करायचा. शिवाय माणसांना उतरायला जिने, म्हाताऱ्यांना लिफ्ट, हवेसाठी धुराडी. ही सगळी तोंडे जमिनीवरच उघडतात. त्यांना जागा लागते आणि ती कुणाची तरी असते.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी बाबा म्हणाले, "चल, आपण ती मुंबईची बघून येऊ." मेट्रो ३ तोवर आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली होती. पहिला भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये, मधला मे २०२५ मध्ये आणि शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. आम्ही बसने ठाण्याला, लोकलने सीएसएमटीला गेलो आणि तिथून खाली उतरलो. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला बाबा घाबरले. मागच्या मुलीने त्यांचा हात धरला, "आजोबा, उजवा पाय आधी." खाली थंडगार. फरशी इतकी स्वच्छ की बाबांनी चपला पायपुसण्यावर दोनदा घासल्या. गाडी आली, दारे उघडली, बंद झाली, काळबादेवी गेले, गिरगाव आले. बाबांना नवल वाटले ते आवाजाचे. "खडखड कशी नाही?" चौतीस वर्षे मागावर काढलेला माणूस दुसरे काय विचारणार!

गिरगावला आम्ही वर आलो. बाबांनी आजूबाजूला पाहिले आणि फुटपाथवरच्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याला विचारले, "इथं आधी काय होतं?" तो म्हणाला, "चाळी होत्या." गिरगाव-काळबादेवीत स्टेशनांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तिथल्या कुटुंबांना भाड्याच्या घरांत जावे लागले आणि त्याच परिसरात नव्या इमारतींत घरे द्यायचे ठरले. कामाला सुरुवात होऊन गाड्या धावू लागल्या तरी सगळ्यांची वाट संपली नव्हती. तो विक्रेता सांगत होता आणि बाबा डावा कान पुढे करून ऐकत होते. मी त्यांना म्हटले, "पण त्यांना घरं मिळणार आहेत ना बाबा?" ते म्हणाले, "त्यांच्याकडं कागद होते."

परतताना मला दुसरीच गोष्ट आठवत होती. त्याच वर्षीच्या २६ मे रोजी, मुंबईत पाऊस लवकर कोसळला तेव्हा, याच मार्गावरच्या वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी घुसले होते. एका अपुऱ्या प्रवेशद्वाराची अडवण फुटली आणि पाणी जिन्यावरून धबधब्यासारखे खाली गेले. स्टेशन सुरू होऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. आता भिवंडीचा विचार करा. आमच्याकडे कामवारी नदी फुगली की निजामपुरा, तीन बत्ती, मंडई, सगळे पाण्याखाली. २६ जुलै २००५ ला तर विचारूच नका. दादाच्या दुकानात दर पावसाळ्यात एकदा तरी पाणी येते. गणवेशाचे तागे आम्ही मे महिन्यातच वरच्या फळीवर चढवतो. अशा गावात जमिनीखाली स्टेशन बांधायचे तर त्याच्या दाराचा उंबरा आमच्या आठवणीतल्या पुरापेक्षा उंच हवा. पायऱ्या आधी वर चढून मग खाली उतरायला हव्यात आणि पाणी अडवायची दारे हवीत. हे अभियंत्यांना माहीत असते, त्यांच्या हिशेबात असते. पण कुठल्या गल्लीत कोणत्या साली किती पाणी आले, हे त्यांना कोण सांगणार? ते आमच्या भिंतींवर लिहिलेले आहे. आईने तर दाराच्या चौकटीवर खिळा ठोकून ठेवला आहे, पाच सालच्या पाण्याचा.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, बाईला मेट्रो नकोच आहे. तसे अजिबात नाही! आईला गुडघ्यांसाठी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. पहाटे चारला उठायचे, रिक्षा, मग बस, मग ठाण्याचा जिना, मग लोकलची गर्दी. केसपेपर काढून होईतो तिचे पाय सुजलेले. सहा डिसेंबरला दादरला जाताना तिला आता आम्ही घरीच ठेवतो, आणि ती दिवसभर कोणाशी बोलत नाही. गल्लीच्या तोंडाशी लिफ्ट असलेले स्टेशन तिला कोणापेक्षा जास्त हवे आहे. माझ्या मुलीला ठाण्याच्या कॉलेजात घालायचे म्हटले तर घरचे म्हणतात, संध्याकाळी रस्त्यात अडकली तर? मेट्रो असती तर हा प्रश्नच आला नसता. म्हणून तर मी तिच्या मागे लागले आहे. ज्याला गाडी नको असते तो तिचे पिलर मोजत बसत नाही.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी मिळून एक अर्ज लिहिला. खालांच्या सुनेने तो संगणकावर छापून आणला. त्यात तीनच गोष्टी विचारल्या. स्टेशनाची तोंडे कोणकोणत्या बाजूला उघडणार, तो नकाशा आम्हाला दाखवा. गल्लीगल्लीत पाणी कुठवर येते ते आमच्याकडून लिहून घ्या. आणि पुढे कधी सर्वेक्षण झाले तर भाडेकरू आणि कामगार यांचीही नावे त्याच दिवशी, त्याच वहीत लिहा. खाली चाळीस-पंचेचाळीस सह्या आणि अंगठे. अर्ज दिला, पोच घेतली. पोच देणाऱ्या कारकुनाने अर्ज उभ्या उभ्या वाचला आणि विचारले, "हे पाण्याचं कोणी सुचवलं?" मी आईच्या खिळ्याची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. त्याने समासात काहीतरी लिहून घेतले.

दादाच्या पावतीचे बाबांनीच मनावर घेतले. त्यांच्याकडे एक जुनी वही आहे. दादाने दुकान घेतले तेव्हापासून भाडे कोणत्या तारखेला, किती, कोणाच्या हातात दिले, याच्या नोंदी. मागावर पगाराचा हिशेब ठेवायची सवय, दुसरे काय! ती वही घेऊन ते मालकाच्या मुलाकडे गेले. मी सोबत होते. त्याने आधी टाळाटाळ केली. "काका, विश्वासावर चाललंय ना आपलं?" बाबा म्हणाले, "विश्वास आहेच. म्हणून तर तू लिहून द्यायला घाबरायचं कारण नाही." वही त्याच्यासमोर ठेवली आणि पाने उलटत बसले. एकेक पान सावकाश. त्याचे वडील जिवंत असतानाच्या सह्या पहिल्या पानांवर होत्या. तो बराच वेळ त्या सह्या पाहत राहिला.

शेवटी त्याने एका महिन्याची पावती लिहून दिली, दादाच्या नावाने, दुकानाच्या पत्त्यासह. मागच्या वर्षांच्या पावत्यांचे "बघू" म्हणाला. दादाने ती पावती प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली आणि दुकानातल्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. खालच्या दोन फळ्यांपर्यंत पाणी येते.